नावाची जागा कोरी

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असं पत्र आलं. पण माझ्यापुरती शाळा म्हणजे इतिहासाच्या बाई. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीत जिन्याखालचा सुविचाराचा फळा लिहायची पाळी माझ्यावर आली. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ज्यांना भूतकाळ आठवत नाही, त्यांच्या नशिबी तो पुन्हा येतो.' खाली लिहिलं, विन्स्टन चर्चिल. एका डायरीत तसंच छापलेलं होतं. प्रार्थनेला जाता जाता बाई थांबल्या. वाक्य राहू दिलं, बोटाने फक्त नाव पुसलं. "कुठे म्हणाले? कधी?" मी गप्प. "मग जागा कोरी ठेव."

रोज बदलणारा फळा आठ दिवस तसाच राहिला. पोरं विचारायची, "काय रे, सापडला का बाप?" नवव्या दिवशी बाईंनी माझ्या हातात खडू दिला आणि नाव सांगितलं: जॉर्ज सांतायाना. जन्म माद्रिदचा, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायचे. पुस्तक 'द लाइफ ऑफ रीझन', पहिला खंड, १९०५. आणि गंमत म्हणजे तिथे आसपास राजे नाहीत, लढाया नाहीत. आधीच्या ओळीत म्हटलंय, अनुभव गाठीला राहिला नाही तर बाळपण संपतच नाही. "म्हणजे तू तेच गणित दरवेळी चुकतोस ना, ते," बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला.

आज सव्वीस वर्षं मी मुद्रितशोधनात आहे. अवतरण दिसलं की माझी पेन्सिल विचारते, कुठे? कधी?

दोन वर्षांपूर्वी पोलंडला जाणं झालं. ऑशविट्झला, नाझींच्या जुन्या छळछावणीत, चौथ्या ब्लॉकमध्ये शिरताना तेच वाक्य पाटीवर आहे, पोलिश आणि इंग्रजीत, खाली सांतायानांचं नाव. फक्त पुस्तकातल्या 'भूतकाळा'चा पाटीवर 'इतिहास' झालाय. अशा जागी उभं राहून शब्द तपासतोय, याची लाज वाटली. तरी बाईंना कळवावंसं वाटलं. बाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

परवा निधीचा धनादेश द्यायला शाळेत आलो. फळ्याच्या जागी आता स्क्रीन आहे. तिच्यावर तेच वाक्य, खाली चर्चिल. शिपायाला विचारलं, हे पुसता येतं का?

"पुसायचं कशाला साहेब, दहा सेकंदांनी आपोआप जातंय की."