मुलांचा संगणक वर्ग आणि अडकून बसलेली फाइल

इंदूरमधल्या मराठी घरांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी संगणकाचा वर्ग सुरू करायला काय काय लागतं, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मुलं लागतात, ती मिळतात. जागा लागते, आमच्या मंडळाचा हॉल दुपारी रिकामाच असतो, तो लगेच मिळाला. शिकवायला कुणीतरी लागतं, ते मी होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहे आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं संगणकासमोरच गेली. राहता राहिले संगणक. तिथे आलं की माझं डोकं अजूनही तापतं.

जुने संगणक मिळणं अवघड नाही, निदान नसावं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, आठ जीबी रॅमची, उत्तम चालणारी यंत्रं कार्यालयांमधून बाजूला पडायला लागली. माझा भाचा अशाच एका कंपनीत आहे. म्हणाला, "मावशी, स्टोअरमध्ये ढीग पडलाय, अर्ज दे." मी दिला. ॲडमिनचे साहेब इतकं गोड बोलले, "बच्चों के लिए है तो ज़रूर, मैडम", की मी मंडळाच्या ग्रुपवर 'संगणक मिळाले' असं टाकायच्याच बेतात होते.

आधी कागद मागितले, ते रास्तच होतं. मंडळ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेलं आहे. त्याचं प्रमाणपत्र, मंडळाचा पॅन आणि धारा 27 खाली दरवर्षी द्यायची कार्यकारिणीची यादी, तीही चालू वर्षाची. यादी वेळेवर दिलेली होती, पण पोच ज्या कपाटात होती त्याची किल्ली सचिवांच्या पर्समध्ये, आणि सचिव लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला. तुम्ही असं काही करणार असाल तर या तिन्ही कागदांचे फोटो आजच फोनमध्ये घेऊन ठेवा.

कागद पोचले, फाइल अकाउंट्सकडे गेली आणि तिथेच तिने बस्तान मांडलं. "मैडम, फ्री में देने का कोई हेड ही नहीं है." हेड म्हणजे हिशेबातलं खातं. बरं, मग हेड कोण काढणार? ते वरून ठरतं. वर कोण? ते मुंबईला असतात. मग जीएसटी निघाला. फुकट दिलेल्या मालाच्या इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचं, काय करायचं, ही त्यांची शंका खोटी नव्हती, कायद्यात त्याबद्दल तरतूद आहेच. पण यंत्रं पाच वर्षांहून जुनी, हिशेबाच्या पुस्तकात त्यांची किंमत जवळजवळ काहीच उरलेली नव्हती. हे मी बोलून दाखवलं तेव्हा अकाउंट्सचे गृहस्थ हसून म्हणाले, "आप तो टेलिफोन में थीं ना?" म्हणजे आता गप्प बसा.

त्यानंतर ई-वेस्ट. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि मोठ्या वापरकर्त्याने ई-कचरा नोंदणी असलेल्यांच्याच हाती द्यायचा, हे खरं आहे. पण त्याच नियमांत ई-कचरा म्हणजे काय तेही लिहिलंय: कचरा म्हणून टाकून दिलेलं उपकरण. हे तर अजून टाकलेलंच नाही, मी वापरायला मागतेय! मी नियमांची प्रत छापून, त्या ओळीवर पेन्सिलने खूण करून घेऊन गेले. साहेबांनी ती नीट वाचली, मान डोलावली आणि फाइलला लावून टाकली. फाइल जाड झाली, एवढंच.

दर खेपेला गेटवर नवा फोटो, नवी चिठ्ठी, "किससे मिलना है". रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून मी नातवाचा स्वेटर विणायला घेतला आणि तो तिथेच पुरा झाला, बाह्यांसकट. तिथली मुलगी मला चहा आणून द्यायची. त्या इमारतीत माझं काम खरोखर होतं असं फक्त तिच्याकडे.

या सगळ्यात चीड कशाची येते सांगू? नाही कुणीच म्हणत नव्हतं. सगळे भले लोक. पण त्या कार्यालयात वस्तू भंगारात काढायचा छापील फॉर्म आहे, त्याला नंबर आहे, खाली सह्यांचे चौकोन आहेत. चालू वस्तू कुणाला तरी वापरायला द्यायची तर फॉर्मच नाही. चौकोन नसलेल्या कागदावर सही कोण करणार? त्यामुळे चांगलं यंत्र चिरडायला पाठवणं सोपं आणि तीन गल्ल्या पलीकडच्या मुलांना देणं अवघड, असा प्रकार. मंडळातल्या काहींनी तेव्हा सुचवलं की वर्गणी काढून दोन नवे लॅपटॉप घेऊ या. मी हट्टाने नाही म्हटलं. दोन लॅपटॉपवर मुलं काय करणार, रांग लावणार?

शेवटी सोडवलं ते शेजारच्या सीए मुलाने. म्हणाला, "काकू, दान मागूच नका. विकत मागा." जुना माल नाममात्र किमतीला, रीतसर बिल करून, जीएसटी लावून. विक्रीचा फॉर्म त्यांच्याकडे होताच, चौकोनांसकट. हिवाळाभर न हललेली फाइल एकदम चालायला लागली आणि त्याच अकाउंट्सच्या गृहस्थांनी मला पेढ्याचं विचारलं. तेव्हा माझी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच: मोठ्या कार्यालयाकडे अर्ज करताना 'डोनेशन' हा शब्द लिहू नका. 'वापरातून काढलेले संगणक खरेदी करण्याबाबत' असा विषय लिहा.

हार्ड डिस्क त्यांनी काढून घेतल्या. ते योग्यच केलं. तुम्हीही आग्रह धरा, कुणाचा डेटा आपल्याकडे नको. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून त्यांच्या जागी बसणाऱ्या लहान एसएसडी आणल्या आणि सगळ्यांवर विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅम करायला शिकवणारं स्क्रॅच आहे, पण लिनक्ससाठी त्याचं अधिकृत डेस्कटॉप ॲप नाही, त्यासाठी टर्बोवॉर्प वापरा. तेच ठोकळे, इंटरनेट नसलं तरी चालतं. मुलांची ऑनलाइन खाती मी उघडलीच नाहीत. काम यंत्रातच साठवतो. नऊ वर्षांच्या मुलाचा ईमेल हवा कशाला?

आता मधल्या महिन्यांबद्दल. यंत्रं येत नव्हती आणि मुलं तर यायला लागली होती, तेव्हा संगणकाशिवायच संगणक शिकवला. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा खेळांचा मोठा साठा केला आहे. आमचा आवडता पत्त्यांचा. पुठ्ठ्याच्या पाच पाट्या, त्यांवर 16, 8, 4, 2 आणि 1 टिकल्या. पाच मुलं ओळीत उभी, प्रत्येकाची पाटी एक तर सरळ, नाही तर उलटी. या पाच पाट्यांनी 31 पर्यंतचा कुठलाही आकडा दाखवता येतो, म्हणजे कुणाच्याही वाढदिवसाची तारीख. 21? सोळा, चार, एक. मुलांनी आजी-आजोबांच्या तारखासुद्धा काढल्या. दुसरा खेळ खडूच्या चौकटींचा: एक मुलगा रोबो, बाकीचे हुकूम देणार, "दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ". रोबो सांगितलं तेवढंच करतो, त्यामुळे तो भिंतीला जाऊन थडकतो आणि हुकूम देणाऱ्यालाच आपली चूक शोधावी लागते. नंतर स्क्रॅचवर बसल्यावर याच मुलांना मला फार थोडं सांगावं लागलं. सहावीच्या आधी कोडिंग कशाला, 2020 च्या शिक्षण धोरणातही ते सहावीपासूनच आहे, असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांना मी हा रोबो दाखवते.

माउसची सवय आधी करून घ्या. फोनवर वाढलेली मुलं पडद्यालाच बोट लावतात आणि काही होत नाही म्हणून यंत्र बिघडलंय असं जाहीर करतात. टक्स पेंटवर चित्रं काढू द्या, आपोआप हात बसतो. वायर टेबलाच्या पायाला बांधून टाका.

मराठी टायपिंगसाठी सरळ इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी घ्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, हे मुलांना पटकन पटतं. मात्र 'आई'पासून सुरुवात नको, तिच्या दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागतो. काका, मामा, बाबा, बटाटा यांना कशालाच लागत नाही. तिथून सुरू करा. आमची मुलं शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात, त्यामुळे ळ कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिफ्ट धरून एन. पुढचा आठवडाभर सगळं केळं, मूळ, गूळ आणि काळं मांजर.

ओटीपीबद्दल एक अख्खा तास ठेवा, आणि तो पालकांना बसवून घ्या. आमच्या चौथीतल्या एकीने सगळ्यांसमोर आईच्या फोनचा पासवर्ड सांगितला, मग आज्यांच्या चेहऱ्यांवर एकदम लक्ष आलं.

वीज बघून घ्या. हॉलच्या एकाच प्लगवरून एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका, इलेक्ट्रिशियन बोलावून वेगळी लाइन घ्या. यंत्रं खरेदी झाल्यावर मंडळाला आता आणखी खर्च कशाला वाटतो. म्हणून हा खर्च पहिल्याच बैठकीत मंजूर करून घ्या.

प्रमाणपत्र कधी देणार, असं प्रत्येक पालक विचारतो. देणार नाही. चौकोनवाले कागद मी पुरेसे पाहिले. ज्याला बघायचंय त्याने शनिवारी दुपारी हॉलवर यावं, मुलंच करून दाखवतील.