सोळा जर्सी आणि एक बिल

सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत मी होतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, मैदानात मी नव्हतो. मी तोफखान्यातला हवालदार क्लार्क. २००७ च्या ऑक्टोबरात हैदराबादला मिलिटरी वर्ल्ड गेम्स भरले, तेव्हा मला एका परदेशी फुटबॉल संघाला अटॅच केलं होतं. कागदोपत्री लायझन ऑफिसर, म्हणजे संघाची देखभाल करणारा दुवा, एक कॅप्टन साहेब होते, पण त्यांच्याकडे तीन संघ होते. त्यामुळे विमानतळापासून परत विमानतळापर्यंत ती पंचवीसएक माणसं माझ्या गळ्यात.

हे खेळ सिझम ही आंतरराष्ट्रीय लष्करी क्रीडा संस्था भरवते. १९४८ साली युरोपातल्या पाच देशांनी ती काढली, आणि लढायचं ते मैदानात असा एकूण विचार. सैन्याच्या फुटबॉलला परंपरा तशी जुनी. आपला ड्युरंड कप १८८८ ला सिमल्यात सुरू झाला तो पलटणींसाठीच. पण एवढा मोठा मेळा भारतात पहिल्यांदाच भरत होता. एकशे एक देश, १४ ते २१ ऑक्टोबर. शिडाच्या होड्या तेवढ्या मुंबईच्या समुद्रात, कारण हैदराबादला समुद्र कुठून आणणार? उद्घाटनाला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या होत्या. त्यांना राष्ट्रपती होऊन तीनच महिने झालेले. जळगावचे आमचे एक नायब सुभेदार त्या दिवशी घरचं लग्न असल्यासारखे फिरत होते.

माझा संघ उत्तर आफ्रिकेतला. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

पहिला घोळ बेगमपेट विमानतळावरच झाला. तेव्हा शमशाबादचा नवा विमानतळ सुरू व्हायचा होता. संघाचा मॅनेजर म्हणून जो गृहस्थ उतरला, त्याच्या कागदावर हुद्दा लिहिलेला 'अॅजुटंट'. आता आपल्याकडे अॅजुटंट म्हणजे युनिटचा अख्खा कारभार हाकणारा अधिकारी. माझ्यासकट सगळ्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. गडी गोंधळला, पण त्यानेही सॅल्यूट परत केला. ओळखपत्राच्या खिडकीवर त्याला ऑफिसर म्हणून कार्ड मिळालं, राहायची सोय अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाली, आणि त्याचे खेळाडू दुसऱ्या टोकाला. रात्री तो मला शोधत आला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, माझी पोरं कुठायत? मग उलगडा झाला. फ्रेंच पद्धतीच्या सैन्यात अॅजुटंट हा ऑफिसर नसतो, आपल्या जेसीओच्या, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदाराच्या आसपासचा असतो. कार्ड बदलायला दीड दिवस गेला. माणसाची बढती करायला दोन मिनिटं लागली आणि उतरवायला तीन सह्या.

दुसरं प्रकरण ओळख पटवण्याचं. खेळाडू नोकरीतला सैनिकच हवा, ही या स्पर्धेची मुख्य अट. पासपोर्ट आणि लष्करी ओळखपत्र समोरासमोर ठेवून नाव, जन्मतारीख, फोटो जुळवायचा. बऱ्याच देशांत सैन्यभरती सक्तीची असते, त्यामुळे तिथल्या लीगमध्ये खेळणारा फुटबॉलपटू नेमका त्या वर्षी 'सैनिक' असतो. कोरियाचा तर सैन्याचा संघच त्यांच्या लीगमध्ये खेळतो. आमच्या संघातही अशी तीन-चार पोरं होती. चेंडू पायाला चिकटल्यासारखा चालायचा, पण फॉल-इन म्हटलं की डावं-उजवं कळायचं नाही. ओळखपत्रं मात्र खरी. मी खिडकीवर गप्प उभा राहिलो.

आता जर्सीचं.

येताना विमान कंपनीने त्यांची एक मोठी किट बॅग हरवली होती. तीत हिरव्या जर्सींचा संच. हाती राहिला पांढरा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टेक्निकल मीटिंग झाली, तिथे दोन्ही संघांचे रंग टेबलावर ठेवतात. समोरच्या मॅनेजरने पिशवीतून जर्सी काढली. पांढरी. पत्रिकेवर पहिलं नाव त्यांचं, म्हणजे रंग बदलायचा आम्ही. बदलायला आमच्याकडे काहीच नव्हतं. उद्या दुपारी सामना, जर्सीवर स्पष्ट नंबर पाहिजे, आणि तो यादीतल्या नंबराशी जुळला पाहिजे.

अॅजुटंटने माझ्याकडे पाहिलं. मी कॅप्टन साहेबांकडे. साहेब म्हणाले, "बघ काहीतरी." सैन्यात हा पूर्ण आदेश असतो.

ईद नुकतीच झालेली. बाजारात अर्धी दुकानं बंद, ईदच्या दुसऱ्या दिवसाला हैदराबादेत 'बासी ईद' म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. सिकंदराबादला एक खेळाच्या सामानाचं दुकान उघडं सापडलं. यादी अठराची, पण दोन गोलकीपर, त्यांचा रंग वेगळाच असतो आणि तो संच सुखरूप होता. म्हणजे सोळा हव्या. दुकानदाराकडे लाल रंगाच्या अकरा निघाल्या आणि दुसऱ्या लॉटमधल्या पाच, किंचित फिक्या. नंबर छापून द्यायला कारागीर नव्हता, तो सुट्टीवर.

इथे कोल्हापूर कामाला आलं. मी पेठेतला. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर दोन तालमींची, म्हणजे पेठांतल्या मंडळांच्या फुटबॉल संघांची मॅच असली की गल्लीतलं लहान पोरगंसुद्धा गॅलरीत असतं. आमच्या छोट्या मंडळाला छापील नंबर परवडायचे नाहीत, ते आम्ही हातानं मारायचो. पद्धत सोपी. जुनी एक्स-रे फिल्म घ्यायची, ब्लेडने आकडा कापायचा, जर्सीच्या आत जाड पुठ्ठा घालायचा, वर फिल्म दाबून धरायची आणि कापडाचा रंग स्पंजने टिपायचा. ब्रश अजिबात नाही, ब्रशने रंग फिल्मच्या कडेखाली घुसतो आणि आकड्याला मिशा फुटतात. सहाचा साचा उलटा केला की नऊ, म्हणजे नऊ साच्यांत सगळे नंबर बसतात. आठ आणि शून्य कापताना मधला तुकडा गळून पडतो, म्हणून त्याला बारीक पट्टीने धरून ठेवायचं आणि ती फट नंतर बोटाने भरायची.

एमआय रूमच्या, म्हणजे आमच्या लष्करी दवाखान्याच्या नर्सिंग असिस्टंटने मला रद्दीतल्या फिल्म दिल्या. कुणाच्या तरी गुडघ्यातून मी ७ कापला, कुणाच्या बरगड्यांतून ४. रात्री दहा वाजता कूक हाऊसच्या टेबलावर बसलो. अॅजुटंट आणि त्यांच्या संघाचा कॅप्टन जर्सी ताणून धरत होते, मी टिपत होतो. भाषा काही जुळत नव्हती, पण "धर, सोड नको" एवढं मराठी त्यांना तासाभरात यायला लागलं. वाळवायला उभा पंखा लावला. रंग वाळला की मागच्या बाजूने इस्त्री फिरवावी लागते, नाहीतर तो कापडात बसत नाही, पापडासारखा निघतो. पंधरा जर्सींना इस्त्री झाली आणि पहाटे चारच्या सुमारास लाईट गेली. सोळावी राहिली. ती होती आठ नंबरची. म्हटलं, एकीनं काय होतंय.

सामन्याआधी रेफ्रीने सगळं तपासलं. बुटांचे स्टड, अंगठ्या, यादी. दोन लाल छटांकडे त्याने जरा जास्त वेळ पाहिलं, मग मान डोलावली. मी श्वास सोडला. मैदानावरचे नंबर लांबून छापल्यासारखे दिसत होते, खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

पूर्वार्धात आमच्या तीन नंबरला पिवळं कार्ड मिळालं. उत्तरार्धात मिडफिल्डला एक धसमुसळा टॅकल झाला, शिट्टी वाजली, रेफ्रीने खेळाडूची पाठ पाहिली, वहीत लिहिलं, वहीत पाहिलं आणि आधी पिवळं, मग लाल कार्ड काढलं, म्हणजे एकाच खेळाडूचं दुसरं पिवळं धरलं. बेंचवर सगळे उभे. तीन नंबर तर पार दुसऱ्या टोकाला, तो दोन्ही हात वर करून नाचतोय, मी इथे आहे म्हणून! टॅकल करणारा होता आठ नंबर. घामाने आणि ओढाताणीने आठाची डावी बाजू निघून गेली होती. उरला होता स्वच्छ, सुरेख तीन.

मी ओरडलो, ते शुद्ध कोल्हापुरीत. कुणाला काही कळलं नाही. अॅजुटंट फ्रेंचमध्ये ओरडत होता, चौथा अधिकारी इंग्रजीत त्याला गप्प करत होता. शेवटी रेफ्रीने त्या पोराला जवळ बोलावलं, पाठीवरून अंगठा फिरवला. कापडावर रंगाची पुसट कड राहिली होती. खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता म्हणून निर्णय बदलता आला. लाल रद्द, पिवळं आठच्या नावावर. आणि त्या पोराला बाहेर काढून डाव्या बाजूला पांढरी चिकटपट्टी मारायला लावली. मी मारली. हात थरथरत होते.

सामना बरोबरीत सुटला. पुढच्या सामन्याआधी हरवलेली बॅग सापडली, पण गटातूनच आमचा संघ बाहेर पडला. जाताना त्यांनी लाल जर्सी घड्या घालून बरोबर नेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, मी क्लार्क होतो.

कारण मग सुरू झाली बिलाची प्रक्रिया. सोळा जर्सी, रंगाच्या दोन बाटल्या, स्पंज, ब्लेडचं पाकीट. कॅप्टन साहेबांनी खिशातून दिलेले पैसे परत मिळवायचे होते. पहिलं ऑब्जेक्शन आलं: परदेशी सैन्याला कपडे पुरवण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे? दुसरं: तीन दुकानांचे दर का मागवले नाहीत? मी स्वतः दुसऱ्यांच्या बिलांना अशाच टाचण्या लावलेल्या होत्या, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? उत्तरं देत गेलो. बासी ईदचा खुलासा मी पूर्ण एक पान लिहिला.

मार्चमध्ये तिसरं आलं. जर्सी ही सरकारी वस्तू, ती स्टोअरमध्ये जमा केल्याचा दाखला जोडावा. जमा करायला जर्सी होत्या कुठे? शेवटी सुभेदार मेजर साहेबांच्या सल्ल्याने लॉस स्टेटमेंट केलं. हरवलेल्या वस्तूचं वर्णन: फुटबॉल जर्सी, लाल, सोळा, पैकी एकीचा नंबर अर्धवट. हरवण्याचं ठिकाण: समुद्रापार. परत मिळण्याची शक्यता या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, सीओ साहेबांनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि सही केली.