मुलांची भांडणं मुलांनीच मिटवायची, तर...

शाळेतली भांडणं मुलांनीच मध्यस्थ होऊन, बोलून मिटवायची ही योजना चालते का आणि टिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळेत ‘विद्यार्थी मध्यस्थ’ नेमायचा विषय निघाला की शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलांना हे झेपेल का? झेपतं. वस्तीतले तंटे मध्यस्थीनं मिटवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कम्युनिटी बोर्ड्स या संस्थेनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे काम शाळांमध्ये नेलं, आणि तेव्हापासून कितीतरी देशांतली मुलं ते करताहेत. योजना गुंडाळली जाते ती बहुतेकदा मोठ्यांमुळे.

प्रशिक्षण थाटात होतं, बिल्ले वाटले जातात, फोटो निघतात. मग मध्यस्थांकडे भांडणं येतच नाहीत. कारण वर्गशिक्षकांना ‘सॉरी म्हणा आणि जागेवर बसा’ एवढ्यावर मिनिटभरात विषय संपवायची सवय असते. मध्यस्थीला वीस मिनिटं लागतात. ती कुठल्या तासातून काढायची आणि कुठल्या खोलीत बसायचं, हे मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच घालून द्यावं लागतं. ‘बघू जमेल तसं’ म्हटलं की योजना संपलीच समजा.

त्या वीस मिनिटांत काय होतं? दोन मध्यस्थ, दोन भांडणारे. आधी नियम: मध्ये बोलायचं नाही, शिव्या नाहीत. एकजण तावातावानं सांगतो, ‘यानं माझी वही फेकली.’ मध्यस्थ मुलगी ऐकून घेते आणि विचारते, ‘म्हणजे वही फेकली याचा राग आहे, की सगळे हसले याचा?’ तो गप्प होतो. मग म्हणतो, ‘हसले याचा.’ इथून पुढे बोलणं बदलतं. कोण बरोबर हे ती ठरवत नाही. तोडगा त्या दोघांनीच काढायचा. आम्हा शिक्षकांना नेमकं हेच जड जातं. निकाल दिल्याशिवाय चैन कुठं पडते!

निवड करताना फक्त हुशार, गुणी मुलं घेऊ नका. तशी टोळी बाईंची लाडकी ठरते आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही. वर्गात ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा एखादा भांडकुदळही हवा. मला तर तोच जास्त उपयोगी वाटतो.

एक गोष्ट मात्र मुलांवर टाकायची नाही: सतत चाललेली दादागिरी. तिथं दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतात. छळ सोसणाऱ्याला छळणाऱ्यासमोर बसवून ‘तडजोड करा’ म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा छळणं. मारहाण, नशा, घरातला अत्याचार हे सगळं थेट मोठ्यांकडे. ‘इथलं इथंच राहील’ असं वचन देताना हा अपवाद मध्यस्थानं सुरुवातीलाच सांगायचा असतो.

टिकवायचं असेल तर सगळे मध्यस्थ शेवटच्या वर्गातले नकोत, नाहीतर ते शाळा सोडून गेले की पाटी कोरी. जुन्याच्या जोडीला नवा बसवा. दर पंधरवड्याला त्यांना एकत्र बोलवा, अडलेलं ऐका. नोंदवहीत तारीख, नावं आणि काय ठरलं एवढंच लिहा. कोण काय बोललं ते लिहू नका, कारण ती वही कधी ना कधी कुणीतरी उघडतंच.