तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याची बातमी घराबाहेर काढत नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, किंवा सुरुवातीलाच काही बिनसलं तर चार माणसांना उत्तरं देत बसावं लागू नये म्हणून म्हणा. ही रीत मला पटते, मीही ती पाळली. पण तिच्या आडोशाला एक दुसरी सवय वाढली आहे आणि ती मला फार खुपते. बातमी सांगायची नाही, म्हणून डॉक्टरकडेही जायचं नाही. ‘तीन महिने होऊ देत, मग दवाखान्यात नाव घालू.’ थायरॉईडच्या, म्हणजे गळ्यातल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीच्या, दृष्टीने हेच तीन महिने सगळ्यांत मोलाचे असतात.

गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात हार्मोन बनवायला लागते. ती नीट कामाला लागेपर्यंत अठरावा-विसावा आठवडा उजाडतो. मेंदूची घडण मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि त्यासाठी लागणारं थायरॉक्झिन, म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन, सगळं आईच्या रक्तातून येतं. निरोगी बाईचं शरीर ही जादा मागणी आपसूक भागवतं. घरी तपासायच्या पट्टीवर ज्या एचसीजीमुळे दुसरी रेष उमटते, तेच हार्मोन आईच्या थायरॉईडलाही चेतवतं. म्हणून पहिल्या तिमाहीत टीएसएच नेहमीपेक्षा थोडा खाली येतो. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की त्याचा आकडा वाढतो. ज्या बाईची ग्रंथी आधीच दुखावलेली आहे, तिला कितीही चेतवलं तरी जास्तीचं हार्मोन तिच्याकडून निघत नाही.

मी अशांपैकीच एक. बी.एड. करत असताना मला हाशिमोटो थायरॉयडायटिसचं निदान झालं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते असा हा आजार. तेव्हापासून रोज सकाळी थायरॉक्झिनची गोळी घेते. लग्नानंतर मूल हवं असं ठरलं तेव्हा म्हापशाच्या माझ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ‘पट्टीवर दोन रेषा दिसल्या की माझ्याकडे यायची वाट पाहू नकोस. त्याच दिवसापासून आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ घे, आणि टीएसएचला रक्त दे.’ दिवस गेल्यावर थायरॉक्झिनची गरज पाव ते अर्ध्या पटीने वाढते, म्हणून हा हिशोब. अर्थात तो माझ्या डोससाठी आणि माझ्या डॉक्टरांनी ठरवलेला. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

त्या दोन रेषा दिसल्या त्या नेमक्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर. घरात गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायच्या माटोळीची गडबड, कुणाच्या कुळागरातून सुपारीचे घोस आणायचे, कुणाकडून कवंडाळं, यावर सासूबाईंची खलबतं चाललेली. आम्ही नवरा-बायको माटोळीचं उरलेलं सामान आणायला म्हणून म्हापशाच्या बाजारात गेलो आणि त्याआधी लॅबमध्ये रक्त देऊन आलो. घरात कुणाला पत्ता नव्हता. बातमी पोटात ठेवूनही तपासणी करता येते, हे म्हणूनच मी इतक्या ठामपणे सांगते आहे.

माझा टीएसएच ४.६ आला. दिवस जायच्या आधी तो २ च्या आत असायचा. लॅबच्या कागदावर मर्यादा ५.५ पर्यंत छापलेली, त्यामुळे आकडा ठळक नाही, शेजारी बाण नाही. कुणीही म्हणालं असतं, रिपोर्ट नॉर्मल आहे. पण ती मर्यादा सर्वसाधारण माणसांची. गर्भारपणात, आणि त्यातही गोळी चालू असलेल्या बाईचा टीएसएच, २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात. डॉक्टरांनी डोस आणखी वाढवला आणि दर चार आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. ते अर्धं गर्भारपण सरेपर्यंत चाललं, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला एकदा. म्हणून सांगते, लॅबच्या माणसाला आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला आपण गरोदर आहोत हे सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

माझ्या मावसबहिणीचं वेगळं झालं. तिला थायरॉईडचा त्रास आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दीड महिन्यात ती नाव घालायला गेली तर तिथे सांगितलं, ‘आताच कशाला? तिसरा महिना झाल्यावर या.’ ती परत आली. पुढे अंग जड, पोट साफ नाही, भर मे महिन्यात थंडी वाजते, केस गळतात. घरातल्या बायका म्हणायच्या, दिवस गेलेत, हे असंच असतं. खरंच असंच असतं, हीच तर अडचण आहे. गर्भारपणाचा शीण आणि थायरॉईडचा शीण बाहेरून वेगळा दिसत नाही, तो रक्तातच दिसतो. चवथ्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा तिचा टीएसएच ११ च्या वर होता. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. मुलगा छान आहे, बालवाडीत जातो. पण उरलेले महिने तिने ज्या काळजीत काढले ती तिच्या वाट्याला यायला नको होती. लवकर तपासून घ्यायला ती आपल्या पायांनी गेली होती, तिला परत पाठवलं गेलं. याचा मला आजही राग येतो.

पूर्ण चित्र सांगायचं तर अभ्यास सगळे एका बाजूचे नाहीत. १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भारपणात थायरॉईड कमी असूनही उपचार न मिळालेल्या आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तर त्यांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. पुढे २०१२ साली ब्रिटन आणि इटलीतल्या एका मोठ्या चाचणीत गरोदर बायकांना तपासून गोळी दिली, तरी तीन वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. त्या चाचणीत गोळी सुरू झाली ती साधारण तेराव्या आठवड्याला, आणि बऱ्याच जणींचा दोष सौम्य होता. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करावी की नाही यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण घरात कुणाला थायरॉईड असेल, गळ्याला सूज असेल, टाइप १ मधुमेह असेल, आधी गर्भपात झाला असेल, मूल राहायला वेळ लागला असेल किंवा वय तिशीच्या पुढे असेल, तर तपासावं, याबद्दल फारसा वाद नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्याअधिक बायका यात कुठे ना कुठे बसतात.

आता मिठाबद्दल. आगरवाड्याची मिठागरं आमच्यापासून लांब नाहीत. पावसाआधी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत खडे मिठाची पोती येतात. लोणच्याला, खाऱ्या मासळीला तेच लागतं आणि कित्येक घरांत रोजच्या आमटीतही तेच पडतं. त्या मिठाशी माझं वैर नाही. मिठागरं टिकावीत असं मला मनापासून वाटतं. पण समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच, ही समजूत खरी नाही. मीठ बनताना त्यात आयोडीन नावापुरतंच उरतं. उपासाच्या सैंधवातही ते जवळपास नसतं, आणि हल्लीच्या गुलाबी मिठातही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, तर गरोदर बाईला २५०. मासळीतून काही मिळतं, पण सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळा श्रावण वगळला तर किती दिवस उरतात? वर ओकाऱ्यांच्या दिवसांत मासळीचा वास सहन होत नाही. आमच्याकडे आता लोणच्याला आगरातलं मीठ आणि रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त, झाकणाच्या डब्यातलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग पेजेत कुठलं घालायचं?’ आणि डबा बदलला.

एक मात्र नीट समजून घ्या. माझ्यासारखीला मीठ बदलून गोळी बंद करता येत नाही. मीठ जास्त महत्त्वाचं ते ज्यांची ग्रंथी अजून स्वतः पुरेसं हार्मोन बनवते त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्या घरात माझ्या जाऊबाईंसाठी. त्याच्या उलट, आयोडीन चांगलं म्हणून कुणी समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणून दिल्या तर त्याही नकोत. अति आयोडीनही थायरॉईड बिघडवतं.

गोळी कशी घ्यायची हे लोक वरवर सांगतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या थायरॉक्झिनला आतड्यात शोषू देत नाहीत, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. मी लोहाची गोळी शाळेत दुपारच्या डब्यानंतर घ्यायची आणि कॅल्शियम रात्री जेवताना. दुसऱ्या महिन्यात सकाळी घोटभर पाणीही ठरेना, तेव्हा डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी झोपताना घ्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तासांनी, आणि कॅल्शियम दुपारी चहाच्या वेळेला सरकवलं.

बाळंत झाल्यावर माझा डोस लगेच पूर्वीइतका केला आणि सहा आठवड्यांनी टीएसएच तपासला. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचीही थायरॉईडची तपासणी झाली. अंगावर पाजत असताना गोळी चालू ठेवायला काही हरकत नसते. जाऊबाईंना दिवस गेले तेव्हा त्यांचा टीएसएच चांगला होता, पण अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह निघाली. अशा बायकांची थायरॉईड बाळंतपणानंतरच्या वर्षात बिघडू शकते. आधी धडधड, घाम, वजन उतरणं, मग काही महिन्यांनी सुस्ती आणि उदासी, आणि सगळ्याचा दोष रात्रीच्या जागरणांवर जातो. त्यांचं बाळ आता चार महिन्यांचं आहे. पुढची रक्ततपासणी दोन महिन्यांनी आहे आणि तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सासूबाईंनीच लिहून ठेवली आहे.