महिनाअखेरचा गिझर

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात गिझर आहे, पण तो कधी लावायचा हे आई ठरवते. महिन्याचे पंचवीस दिवस तो न्हाणीघराच्या भिंतीवर देवासारखा असतो. बघायचं, मागायचं काही नाही. मग रीडिंग घ्यायला माणूस यायच्या तीन-चार दिवस आधी आई मीटरखाली जाऊन उभी राहते, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेते, ओठांतल्या ओठांत वजाबाकी करते आणि आत येऊन सांगते, "आज गिझर लावा की सगळ्यांनी. चौदा उरलेत."

चौदा म्हणजे युनिट. फुकटची.

याची गोष्ट २०२३ सालची. कर्नाटकात नवं सरकार आलं आणि जुलैपासून घरटी २०० युनिटपर्यंत वीज फुकट, असं जाहीर झालं. गृहज्योती. आईनं ती बातमी पेपरात दोनदा वाचली, कारण आमचं घर उभ्या जन्मात शंभराच्या जवळ गेलेलं नव्हतं. मुलीनं तर एसीचा विषयही काढून पाहिला. मग नियम कळला. २०० ही नुसती वरची हद्द. कुणाला किती फुकट, ते त्या घराच्या २०२२-२३ सालच्या सरासरीवर. सरासरी अधिक दहा टक्के. आमची सरासरी निघाली ५२, म्हणजे आम्हाला ५७ युनिट. समोरच्या घरात दिवसाढवळ्या व्हरांड्यातला दिवा जळतो आणि माणूस नसताना टीव्ही एकटाच बोलत असतो. त्यांची सरासरी १४०. त्यांना १५४.

आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मोडायची थांबली. "म्हणजे मी दिवे विझवत फिरले त्याचा दंड काय हा?"

मी म्हटलं, दंड नव्हे, हिशेबाची पद्धत आहे. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटलेलं नाही. ज्यानं आधीच पोट आवळलं, त्याचं पान आवळलेल्या पोटाच्या मापानं वाढायचं, असा तो प्रकार. पण बिल शून्य आलं हे खरं. कानडीत छापलेला तो लांबुळका कागद आईला वाचता येत नाही, पण शेवटचा आकडा कुठल्याही भाषेत कळतो. तिनं तो देवघरातल्या पंचांगात ठेवला.

बिल शून्य झालं म्हणजे आता तरी दिव्यांवरून बोलणी बंद होतील, असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. आधी नुसते दिवे विझत होते, आता त्याला हिशेब आला. मागच्या दाराच्या आतल्या अंगाला आई खडूनं रोजचा आकडा लिहायला लागली. ५७ च्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि २०० ओलांडले तर सगळ्याच बिलाचे, हे तिनं रीडिंगच्या माणसाला उन्हात उभं करून तीनदा विचारून घेतलं होतं. त्यामुळे मधल्या खोलीतून कोणी उठून गेलं की लगेच हाक येते, "तिथं कोण अभ्यास करूलालंय रे?" कोणीच करत नसतं. दिवा बंद होतो.

एकदा मी तिला गणित समजावायला बसलो. आपला एलईडी बल्ब ९ वॅटचा आहे, आई. एक युनिट जाळायचं तर तो १११ तास, म्हणजे साडेचार दिवस रात्रंदिवस, चालू राहायला पाहिजे. आणि दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट गिळतो. तू मागं धावतेस त्या दिव्यात काही नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिझरचं बटण बंद केलं. दिवे विझवणं तसंच चालू राहिलं. माझ्या गणिताचा फायदा एवढाच झाला.

पण थोड्या महिन्यांनी तिच्यापुढं नवाच पेच आला. पावसाळ्यातल्या एका महिन्यात आम्ही ४३ वरच थांबलो. तिला वाटलं, उरलेली १४ पुढच्या महिन्यात धरतील. धरत नाहीत, म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. वीज वाया घालवायची नाही, हा तिचा एक धर्म. आणि हक्काचं सोडायचं नाही, हा दुसरा. दोन्ही एकाच मीटरवर समोरासमोर आले. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी गिझर लागला.

तेव्हापासून आमच्याकडे महिनाअखेरीला दिवाळीची पहिली अंघोळ असते. मी, बायको, मुलगी ओळीनं टॉवेल घेऊन उभे. आई दारात. "बेतानं घ्या," असं मात्र ती तेव्हाही म्हणते.

काटकसर हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. तिचा शब्द 'बेतानं'. तेल बेतानं, साखर बेतानं, बोलणंसुद्धा बेतानं.

आमच्या लहानपणी गरम पाण्याचा बेत म्हणजे भुशाची शेगडी. खानापूरच्या बाजूनं लाकूड यायचं, गावात वखारी होत्या, तिथं पोतंभर भुसा चार-आठ आण्यांना मिळायचा. ती शेगडी भरणं ही कला होती. पत्र्याचा डबा, बुडाजवळ एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध एक काचेची बाटली उभी करायची, खालच्या भोकातून लाकडाचा दांडा आत सारून बाटलीला टेकवायचा आणि भोवतीनं भुसा ओतत, मुठीनं ठोकत, पुन्हा ओतत, पुन्हा ठोकत काठोकाठ आणायचं. मग श्वास रोखून बाटली गोल फिरवत फिरवत वर ओढायची आणि दांडा हलकेच बाहेर काढायचा. आत एक गुळगुळीत धुराडं तयार. खालून कागदाचा बोळा पेटवला की आग मधल्या नळीतून वर चढायची आणि भुसा आतून बाहेर, सावकाश, दोन-दोन तास जळत राहायचा. त्यावर हंडा. चार माणसांची अंघोळ, वर भांड्यांना पाणी.

बाटली काढायचं काम माझं होतं, कारण माझा हात लहान. एका पावसाळ्यात मी घाईनं ती तिरकी ओढली आणि सगळा भुसा आतल्या आत कोसळला. वडील मागावर विणायला जायच्या गडबडीत होते. त्यांनी त्या दिवशी गार पाण्यानं अंघोळ केली आणि काही बोलले नाहीत. आई बोलली. अंघोळीबद्दल नव्हे, "भुसा वाया गेला की रे" म्हणून.

वडील दुसऱ्याच्या मागावर साड्या विणायचे. वडगाव, शहापूर, खासबागेत तेव्हा कुठल्याही गल्लीत शिरलं तरी खटक-खटक ऐकू यायचं. अजून येतं, पण मध्ये बरीच शांतता असते. वडिलांच्या मागामुळे आमच्या घरी सुतळी विकत आणलेली मला आठवत नाही. पुडे बांधायला, पडद्याला, माझ्या पतंगालाही मागावरचे तुटके धागे पिळून केलेली दोरी. पतंग उडायचा नाही. पण सुटायचाही नाही.

फुकट बस हे आणखी एक प्रकरण. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली आणि कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागेनासं झालं. म्हणजे तिकीट मिळतं, पण शून्य रुपयांचं. त्याआधी आई चार पैसे वाचवायला बाजारातून पिशव्या घेऊन चालत यायची. आता ती बसची वाट बघत तासभर उभी राहते. पायांना आराम किती मिळाला ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पण तिला पंख फुटले हे खरं. मार्चच्या शेवटी चटणीची मिरची घ्यायची वेळ आली. आमच्याकडे रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, हे ठरलेलं. इतकी वर्षं दोन्ही इथंच बाजारात घेत होतो. त्या वर्षी आई आणि गल्लीतल्या दोन अक्का थेट संकेश्वरला गेल्या. पन्नासेक किलोमीटर जाणं, पन्नासेक येणं, तिकीट शून्य. संध्याकाळी विजयी मुद्रेनं परतल्या. किलोमागे दहा रुपये कमी! तीन किलो घेतली, तीस वाचले. मग पिशवीतून एक स्टीलचा डबा निघाला. "मिरची ठेवायला पाहिजे की." डबा १८० रुपयांचा. शिवाय तिघींचा चहा, भजी. मी हिशेब काढायला तोंड उघडणार होतो, तेवढ्यात बायकोनं डोळे वटारले. बरोबर होतं तिचं. तीन म्हाताऱ्या एक दिवस घराबाहेर पडून, खिडकीशी बसून, ऊस बघत गेल्या नि आल्या. तो खर्च कुठल्या खात्यात लिहायचा?

कोल्हापूरला मावशीकडे जायचा तिचा मार्ग तर एखाद्या कारकुनानं फाईलवर आखल्यासारखा. बेळगाव ते निपाणी आपली बस, शून्य. निपाणीत उतरायचं. तिथं महाराष्ट्राची एसटी धरायची, कारण तिकडं २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. ते अर्धं महाराष्ट्राच्या हद्दीतलंच, म्हणून हद्द येईपर्यंतचे पैसे पुरे द्यावे लागतात, याची तिला हळहळ. उलट मावशीचा मुलगा कोल्हापुराहून गाडी घेऊन येतो तो टाकी रिकामी ठेवून. हद्दीवरची कोगनोळी ओलांडली की पेट्रोल भरणार, इकडं थोडं स्वस्त पडतं म्हणून. १९५६ पासून आमच्या घरात सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणं चालू आहे. आजोबा बोलले, वडील बोलले, मीही बोलतो. एकदा आई निपाणीहून आणलेले पेढे वाटत म्हणाली, "इकडं फुकट, तिकडं अर्धं. अजून थोडे दिवस सुटला नाही तरी चालतंय."

मराठी बाणा तसा तिचा कडक आहे. पण शनिवारच्या बाजारात तो भाजीच्या पाटीपर्यंतच टिकतो. घरात पाहुण्याला कानडीत पाणीसुद्धा न विचारणारी आई तिथं उकिडवी बसते आणि "एष्ट री अव्वा?" म्हणून सुरू करते. समोरची म्हणते इप्पत्तु, म्हणजे वीस; आई म्हणते हत्तु, म्हणजे दहा. "कम्मी माडरी" दोनदा, एकदा उठून चार पावलं चालून जाणं, एकदा परत येणं. सौदा पंधरावर तुटतो आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या. गंमत अशी की परवा त्या बाईनं माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलणं केलं. मी आईला सांगितलं, तिला मराठी येतं की. "ठाऊक आहे. पण मराठीत विचारलं तर मराठीतलाच भाव सांगते."

गॅसचं थोडक्यात सांगतो. सिलिंडरवर जोडल्याची तारीख खडूनं, डाळ-भात-बटाटे एकाच कुकरात, आणि एकदा उकळी आली की आच खाली. उकळत्या पाण्याखाली कितीही जाळ घातला तरी ते आणखी तापत नाही, नुसती वाफ होऊन जाते. हे आई शाळेत न शिकता जाणते. मुलीनं विज्ञानाच्या पुस्तकातून भर घातली, की बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणून इथं पाणी शंभराला नाही, ९७-९८ अंशांनाच उकळतं.

"म्हणजे गॅस वाचतो काय?" आईनं लगेच विचारलं.

"नाही आज्जी. कमी तापलेलं असतं, म्हणून उघड्या भांड्यात शिजायला उलट वेळ जास्त लागतो."

"मग काय उपयोग एवढ्या वर राहून!"

बायकोची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. तिचं म्हणणं, आईंचं वाचवणं दिसतं आणि माझं दिसत नाही. ते खरं आहे. पावसाळ्याआधी भरलेला तांदूळ, मुलीच्या गणवेशाला शिवतानाच आत सोडलेली दोन बोटं शिलाई, ठरल्या तारखेची भिशी. यातलं काही खडूनं दारावर लिहिलेलं नसतं. आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये येतात आईच्या खात्यावर, कारण रेशनकार्डावर घरची मुख्य म्हणून तिचं नाव. त्या विषयावर मी बेतानं बोलतो.

गेल्या जुलैत एका रात्री पाऊस धो-धो लागला होता आणि साडेनऊच्या सुमाराला लाईट गेली. सगळी गल्ली अंधारात. समोरच्यांचा व्हरांडा पहिल्यांदाच काळा. माग थांबले, पन्हळीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आम्ही सगळे होतो तिथंच बसून राहिलो. थोड्या वेळानं भिंतीला हात घासल्याचा आवाज आला. कोणीतरी चाचपडत मधल्या खोलीकडे निघालं होतं.

"आई, पडशील. काय पाहिजे तुला?"

उत्तर नाही. खट्ट. बटण बंद झाल्याचा आवाज.

"अगं, लाईटच नाही ना!"

"येईल की मग," अंधारातून आई म्हणाली आणि तशीच भिंत धरून न्हाणीघराकडे गेली.