तुम्ही विचारलंत म्हणून: लेसरनं काच बदलते का?

‘सर, लेसर मारला तर काच बदलते का हो?’ सांगलीत फिजिक्स शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. प्रॅक्टिकलला पोरं विचारतात, आणि गणपती विसर्जन झालं की शेजारचे काका. मिरवणुकीतल्या लेसरनं चष्मा खराब झाला नसेल ना, ही त्यांची काळजी. काकांचं आधी मिटवतो. चष्म्याला काही होत नाही. डोळ्याच्या पडद्याला मात्र कायमची इजा होऊ शकते, तेव्हा चष्म्याचं सोडा, त्या झोताकडे बघूच नका.

पोरांचं उत्तर लांबतं. ती कागदावर काचेचा ठोकळा ठेवतात, टाचण्या टोचतात, कोन मोजतात, अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) 1.5 काढतात आणि जर्नलवर सही घेऊन मोकळी होतात. पुस्तकाच्या लेखी तो काचेचा ठरलेला आकडा. पण तसा तो फक्त सौम्य प्रकाशात असतो.

प्रकाश म्हणजे भराभर उलटसुलट होणारं विद्युत क्षेत्र. काचेतले इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर किंचित हलतात, म्हणून तर प्रकाश काचेत मंदावतो. क्षेत्र दुबळं असेल तर जेवढा जोर तेवढं हलणं. सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग हलकेच ओढा, हिशोब असाच सरळ लागतो. ताकद लावून ओढा, मोडतो. तीव्र लेसरमध्ये इलेक्ट्रॉनांचा हिशोब असाच मोडतो आणि अपवर्तनांकात प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात भर पडते. हा प्रकाशीय केर परिणाम. बाहेरून दिलेल्या विद्युत क्षेत्रानं काचेचा अपवर्तनांक बदलतो हे जॉन केर यांनी 1875 मध्ये दाखवलं होतं. प्रकाशाच्या स्वतःच्या जोरावर तेच घडवायला 1960 चा लेसर यावा लागला.

किती बदलतो? सिलिका काचेवर भर दुपारचं ऊन पडलं तर दशांशचिन्हानंतरचा सतरावा अंक हलेल. दर चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी वॉट दिलेत तर चौथा. आणि हे तापल्यामुळे नव्हे. तापूनही अपवर्तनांक बदलतो, पण सावकाश. इथं झोत गेला की बदलही त्याच क्षणी गेला.

चौथा अंक म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण झोत मध्यभागी जास्त प्रखर असतो. तिथं अपवर्तनांक जास्त, प्रकाश मंद, आणि सपाट काच बहिर्वक्र भिंगासारखी वागू लागते. झोत आकसतो, आकसला की तीव्रता वाढते, वाढली की आणखी आकसतो. शेवटी काचेच्या पोटात केसासारखी बारीक जळकी रेघ उमटते. गंमत अशी, की सुरुवातीचा झोत रुंद करून ही कटकट फक्त पुढे ढकलता येते, कारण उंबरठा तीव्रतेचा नसून एकूण शक्तीचा आहे: सिलिकासाठी काही मेगावॉट. लेसर बनवणाऱ्यांची वाट यानंच अडवली होती. 1985 मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू या भौतिकशास्त्रज्ञांनी लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, आधी वेळेत ताणला, म्हणजे त्याची शक्ती उतरली, मग वाढवला, मग पुन्हा आवळला. त्याचं नोबेल 2018 मध्ये मिळालं.

कायमचा बदलही करता येतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. फेम्टोसेकंदाचे (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) स्पंद काचेच्या आत एका बिंदूवर एकवटले की तिथली रचनाच बदलते. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी असा बिंदू सरकवत नेऊन काचेच्या आत प्रकाशवाहक वाटा लिहिल्या. लेसर बंद केल्यावरही तिथला अपवर्तनांक वाढलेलाच राहिला.