‘डेथ पॅनेल’ खरंच होतं का?

मी न्यू जर्सीत डॉक्टर आहे हे कळलं, की पुण्यात कुणी ना कुणी विचारतंच, “ओबामाच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात म्हाताऱ्यांना जगवायचं की नाही, हे सरकारी कमिटी ठरवणार होती म्हणे. खरं का ते?” इथली मराठी मंडळीही आई-वडिलांना कायमचं आणायचं मनात आलं की हळूच हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नाही. अशी कमिटी त्या कायद्यात नव्हती, त्याच्या मसुद्यातही नव्हती.

होतं ते असं. जुलै २००९मध्ये प्रतिनिधिगृहात आलेल्या हजाराहून जास्त पानांच्या विधेयकात १२३३ क्रमांकाचं एक कलम होतं. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल पेशंटला डॉक्टरशी बोलायचं असेल, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याने, डॉक्टरला द्यायचे. साधारण पाच वर्षांतून एकदा. सक्ती कुणावरच नव्हती.

न्यूयॉर्क राज्याच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नर बेट्सी मकॉही यांनी रेडिओवर सांगितलं, की ही भेट सक्तीची आहे. मग ७ ऑगस्टला रिपब्लिकन पक्षाच्या २००८च्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं, की आपल्या आई-वडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या ‘डेथ पॅनेल’समोर उभं राहावं लागेल. हे दोन शब्द वणव्यासारखे पसरले. त्याच महिन्यातल्या प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या पाहणीत, ज्यांच्या कानावर हे आलं होतं त्यांतल्या सुमारे ३० टक्के लोकांना ते खरं वाटत होतं. पेलिन यांच्याच पक्षाचे जॉर्जियाचे सिनेटर जॉनी आयझॅकसन यांनी हा निव्वळ वेडेपणा असल्याचं उघडपणे सांगितलं, पण ऐकतो कोण! अखेर ते कलमच गळलं. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केली, त्या कायद्यात ते नव्हतं. मेडिकेअर या संभाषणाचे वेगळे पैसे देऊ लागलं ते थेट जानेवारी २०१६पासून.

मधल्या वर्षांत काय झालं, ते मी वॉर्डात पाहिलंय. एक निवृत्त बसड्रायव्हर होते. फुफ्फुसं पार निकामी होत आलेली, सारखा न्यूमोनिया. जरा शुद्धीवर, बोलण्याच्या स्थितीत होते तेव्हा मी विचारलं, “तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कुणाला विचारू? श्वासाची नळी घालावी लागली तर चालेल का?” मुलीने माझ्या हातातला, उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवायचा फॉर्म ओढून घेतला. “हेच ते पॅनेल. बाबा, काही बोलू नका.” ते गप्प झाले. पुढच्या खेपेला थेट आयसीयूत आले. घशात नळी, काढू नये म्हणून बांधलेले हात, आणि बाहेर बाबांना काय हवं असेल यावरून भांडणारी तीन मुलं. त्यांना विचारायची वेळ निघून गेली होती. त्या मुलीला मी दोष देत नाही. ती वडिलांना वाचवतच होती.

लोकांना हे खरं का वाटलं? कारण भीती खोटी नव्हती. त्या काळी खाजगी विमा कंपनी जुना आजार दाखवून सरळ विमा नाकारू शकत होती. २०१४पासून या कायद्याने ते बंद केलं. डॉक्टरने लिहिलेली तपासणी कंपनीतलं कुणीतरी आजही नामंजूर करतं, आणि मंजुरीसाठी फोनवर ताटकळणं हे माझं रोजचं काम आहे. आपला जीव परक्याच्या हातात आहे हा अनुभव घरोघरी होता. त्या भीतीला सरकारचा पत्ता चिकटवला गेला.

दुसऱ्या बाजूनेही लोकांचा विश्वास मोडला, हेही सांगायलाच हवं. “तुमचा विमा आवडत असेल तर तो तसाच राहील,” हे आश्वासन खुद्द ओबामांनी वारंवार दिलं, आणि २०१३च्या शरद ऋतूत लाखो लोकांच्या हाती पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं पडली. नेत्यांची विधानं तपासणाऱ्या पॉलिटिफॅक्ट या संकेतस्थळाने २००९चं सर्वांत मोठं असत्य म्हणून ‘डेथ पॅनेल’ निवडलं होतं, २०१३चं म्हणून हे आश्वासन. मी या कायद्याच्या बाजूची आहे. म्हणूनच तेव्हा जास्त संताप आला.

आता आई-वडिलांबद्दल. ग्रीन कार्डावर नव्याने आलेल्या पासष्टीपुढच्यांना सहसा सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही, त्यामुळे खरी काळजी त्या पाच वर्षांच्या विम्याची करा. आणि तो फॉर्म? तो पेशंटच्या मर्जीने भरतात. “सगळं करा, शेवटपर्यंत करा,” असंही त्यात लिहिता येतं. शुद्ध आणि समज शाबूत असेपर्यंत तो कधीही बदलता येतो. भारतातही ९ मार्च २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने असं लिहून ठेवायची मुभा दिली आहे, आणि २०२३मध्ये त्याची प्रक्रिया बरीच सोपी केली. विमानात बसण्यापूर्वी घरीच बोलून घ्या, आपल्या भाषेत.